न बुडालेली होडी

उरणकडून पनवेल बंदराकडे येणारी एक होडी खाडीत उलटली. त्यातली माणसं गेली. गव्हाणच्या काशीराम कोळ्याला पाण्यावर तरंगणारी मासळीची पाटी दिसली आणि पाटीत एक तान्ही मुलगी. गळ्यात पिराचा ताईत होता, म्हणजे मुसलमानाची असणार, असं समजून काशीरामनं ती पनवेलला यासीनसेठच्या घरी आणून दिली. यासीनसेठ आणि मुबीनाबी यांना मूल नव्हतं. त्यांनी चौकशी केली, कुणी पुढे आलं नाही, मग त्यांनीच तिला वाढवलं. नाव ठेवलं अमिरुन्निसा.

मोहल्ल्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अमिरुन्निसा मोठी झाली, लग्न झालं, नवरा घरजावई होऊन आला. यासीनसेठचं दोरखंडाचं आणि जाळ्यांच्या सुताचं दुकान आधी त्यानं चालवलं, तो गेल्यावर तिचा मुलगा नियाज चालवू लागला. सुताच्या जागी नायलॉन आलं, गिऱ्हाईक कोळ्यांपेक्षा बांधकामवाल्यांचं वाढलं. गोष्ट मात्र तीच राहिली. तिच्यावर शंका घेतली ती एकदाच, नियाजच्या मुलीनं, जास्मीननं, ती लहान असताना.

"दादी, पाटीला फटी असतात. पाणी आत कसं नाही शिरलं?"

"अल्लाची मर्जी."

"मग तुझे खरे आईवडील कोण होते?"

"अल्लालाच माहीत."

पहिल्या उत्तरावर अमिरुन्निसाचा विश्वास होता. दुसरं तिला आयुष्यभर टोचत आलं होतं. लग्नघरात बायका कोण कुणाची कोण लागते ते उलगडत बसायच्या. ही अमक्याची भाची, ती तमक्याच्या सासूची चुलतबहीण. धागा तिच्यापाशी आला की "ही आपली यासीनसेठची" एवढं म्हणून पुढच्या बाईकडे वळायच्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नसायचा. तरी ते वळणं तिला दर वेळी जाणवायचं.

२०१७ साली अदीब, जास्मीनचा मोठा भाऊ, ईदला मँचेस्टरहून आला. त्यानं बहिणीसाठी एक डबी आणली होती. नळीत थुंकायचं, ती नळी तो परत जाताना घेऊन जाणार, आणि मग डीएनएवरून आपले नातेवाईक जगात कुठे कुठे आहेत ते कळणार. जास्मीन खारघरच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करत होती. तिला ते सगळं माहीत होतं. ती दिवाणखान्यात बसून अब्बांना समजावत होती, तेव्हा अमिरुन्निसा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, "मग माझीच पाठव ना. तुझे नातेवाईक तर इथेच बसलेत."

"अम्मी, या वयात कशाला?" नियाज म्हणाला.

"या वयात नाही तर कधी?"

अडचण वेगळीच निघाली. शुगरच्या गोळ्यांनी अमिरुन्निसाचं तोंड सदा कोरडं असायचं. नळी भरेचना. शेवटी जास्मीननं वाटीत चिंचेचा गोळा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. खायचा नाही, नुसता बघायचा. अमिरुन्निसा त्याच्याकडे बघत बसली, मध्येच हसू आलं, पुन्हा गंभीर झाली, आणि नळी भरली.

निकाल आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. पहिल्या पानावर एवढंच होतं की हे रक्त दक्षिण आशियातलं आहे.

"हे सांगायला विलायत लागली?" नियाज हसून म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

जास्मीन पुढची पानं बघत राहिली. नातेवाईकांच्या यादीत लांबलांबची नावं होती. सुरतचा कुणी, लेस्टरची कुणी, शंभर तुकड्यांत एखादा जुळावा तशी. सगळ्यात वर मात्र एक नाव वेगळंच होतं. परेश कोळी, ह्यूस्टन. जुळणी जवळपास एक अष्टमांश. ही लांबची ओळख नव्हे, सख्ख्या चुलत भावाइतकं जवळचं नातं होतं.

तिनं त्याला निरोप धाडला. परेशचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तो आधी जहाजावर इंजिनिअर होता, आता तिकडेच नोकरीला होता. बायकोनं वाढदिवसाला ती डबी भेट दिली होती, एरवी त्याला यातलं काही कळत नव्हतं. आई गव्हाणला असते, दमयंती तिचं नाव. "आईचे वडील काशीराम. खाडीत मासे मारायचे. तुमचं गाव कुठलं?"

जास्मीननं उत्तर लिहिलं नाही. ती उठून थेट दुकानात गेली.

नियाज गल्ल्यावर होता. तिनं सांगितलेलं त्यानं नीट ऐकलं आणि गल्ला बंद केला.

"काशीरामकाका," तो म्हणाला. "मी शाळेत जायचो तोवर यायचे. दर आठवड्याला. ताजी मासळी आणायचे, जिताडा नाहीतर निवट्या. ओट्यावर बसायचे. नानी आतून चहा पाठवायची."

"अब्बा, दादी एकतर त्यांची मुलगी आहे, नाहीतर बहीण. जुळणीवरून एवढं नक्की."

"आणि आई कोण?"

"ते यातून नाही कळत."

नियाजनं आवाज खाली आणला. "होडी बुडाली नाही, हे आता तुला मला कळलं. मग लोक विचारणार, पोर आली कुठून. काशीराम दर आठवड्याला घरी यायचा. मुबीनाबी घरात. लोक काय जोडतील?"

"अब्बा!"

"मी नाही जोडत. माझी नानी होती ती. मी लोकांचं म्हणतोय. तू दादीला यातलं काही बोलू नकोस. विसरून जाईल."

अमिरुन्निसा विसरणारी नव्हती. मुलगा आणि नात दोघंही आपल्याशी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारतायत हे तिच्या लगेच लक्षात आलं. एका दुपारी जेवणं झाल्यावर तिनं जास्मीनला हाताला धरून शेजारी बसवलं. नियाजही घरीच होता.

"काय आलंय ते सांग. चांगलं असो, वाईट असो. थुंकी माझी होती."

जास्मीननं अब्बांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, साध्या शब्दांत.

"पुन्हा सांग नाव," अमिरुन्निसा म्हणाली.

"काशीराम. गव्हाणचे."

तिनं चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, "मला दोन मुलं झाली तरी तो माणूस अम्मीला विचारायचा, 'पोर जेवली का?' मला वाटायचं, वाचवलंय म्हणून जीव लागलाय. माझ्या निकाहाला तो समोरच्या गल्लीत उभा होता. अब्बांनी किती बोलावलं, आत आला नाही. मी वरच्या खिडकीतून बघितलं होतं." तिनं नियाजकडे वळून विचारलं, "आणि तू घाबरलास कशाला?"

नियाजनं जास्मीनकडे बघितलं.

"अम्मीबद्दल," तीच म्हणाली. "होय ना?"

"मला नाही वाटत तसं, अम्मी."

"तुला नसेल. ज्याला वाटेल त्याला गप्प करायला माझ्याकडे काही नाही. म्हणून गव्हाणला जायचं. मला माझी आई कोण ते तर हवंच आहे. पण त्याआधी मुबीनाबीच्या नावावर डाग राहता कामा नये."

ती एवढ्या शांतपणे बोलली की नियाजला नाही म्हणता आलं नाही.

जास्मीननं मग परेशला उत्तर लिहिलं, आणि त्यानं दमयंतीला फोनवर सगळं सांगितलं होतं. रविवारी तिघं नियाजच्या व्हॅनमधून गव्हाणला पोचली, तेव्हा ती दारातच उभी होती. साठीची, ठेंगणी, डोक्यात अबोलीची वेणी. विमानतळासाठी पलीकडे डोंगर फोडत होते. एक सुरुंग उडाला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि अमिरुन्निसा दचकली.

"रोजचाच हाय तो," दमयंती म्हणाली. "या, आत या. आते सकालपासून वाट बगते."

आते म्हणजे गुणाबाई, काशीरामची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती आणि आता भाचीच्याच घरात असायची. पंच्याऐंशीच्या पुढची. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. अमिरुन्निसा शेजारी बसताच तिनं हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, मग कान. कानाची पाळी दोन बोटांत धरून ठेवली.

"दादाचा कान," ती म्हणाली. "मना म्हायत व्हता तू कवातरी येशील."

"मावशी, होडी बुडाली होती का?"

"नाय गो. कुटली होडी? होडीत मीच व्हती दादाबरोबर. तू माज्या मांडीव व्हतीस."

दमयंतीनं चहा ठेवायचा सोडला आणि तीही येऊन बसली. तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं.

गुणाबाई सांगू लागली. त्या वर्षी गावात पटकी आली होती. काशीरामची पहिली बायको भामा, उरणजवळच्या करंज्याची, बाळंतीण होऊन दोनेक महिने झाले होते. सकाळी ती चिंबोऱ्या घेऊन आली, दुपारी आडवी झाली, दुसरा दिवस तिनं बघितला नाही. पोर अंगावरची. गावात ज्या पाजणाऱ्या होत्या त्या साथीला भिऊन माहेरी पळालेल्या. बकरीचं दूध पोरीला पचेना. ती रडायचीही थांबली.

"दादाला सूत आनायचा व्हता. जाला फाटलेला, घरात कोन नाय. पोर ठेवायची कुनाजवल? मी चवदा वर्साची. मी पोरीला घेतला नि होडीत बसली. पनवेलला यासीनसेटच्या दुकानात गेलो. दादा सूत बगत व्हता आन तू कुठं जरा कुरकुरलीस. मांजराच्या पिल्लासारका आवाज. तवा पडद्यामागनं ती आली."

"अम्मी?"

"मुबीनाबी. तिचा तान्हा बाल आठ दिसांमागं गेलेला. अंगावर दूद दाटलेला, ताप आलेला. ती बाय कदी दुकानात यायची नाय. ती सरल आली, माज्या हातातनं तुला घेतला नि आत गेली. कुनाला इचारला नाय. सेट बगत ऱ्हायला, दादा बगत ऱ्हायला. मी तिच्या मागं गेली. तू पीत व्हतीस नि ती रडत व्हती."

अमिरुन्निसाच्या हातातली तस्बीहची माळ मांडीवर तशीच पडून राहिली. जास्मीननं हळूच फोन काढला होता, बोलणं टिपून ठेवायला. ती तो चालू करायचं विसरून गेली.

"पोर दूद सुटेपरेंत ठेवायची, असा ठरला," गुणाबाई म्हणाली. "दादा दर आठवड्याला मासली घेऊन बगायला जायचा. मग एक दिस तो तुला आनाया गेला. मी पन व्हती. तू चालाया लागलेलीस. होडीत बसवली तर तू अशी आरडलीस, अम्मी अम्मी करून, की बंदरावरची सगली मानसं बगाया लागली. ती बाय एक शबूद बोलली नाय. बंदरावर उबी व्हती फकस्त. अर्दी खाडी आली नि दादानं वल्हा थांबवला. माज्याकडं बगला. मग होडी वलवली."

"परत?"

"परत. तुला तिच्या हातात दिली नि बोलला, 'ऱ्हाऊ दे. मना बगायला येऊ द्या म्हंजे झाला.'"

पोर कुणाची हे यासीनसेठनं तोवर मोहल्ल्यात कुणाला सांगितलं नव्हतं; होडी बुडाल्याची गोष्ट त्यानंतर त्यानं आणि काशीरामनं मिळून रचली, ती तान्ही असतानाची म्हणून. फाळणीचे दिवस होते. कोळ्याची पोर मुसलमानाच्या घरात आहे असं कळलं असतं तर गावानं काशीरामला वाळीत टाकलं असतं, आणि पनवेलमध्येही कुणी ना कुणी आग लावली असती. बुडालेल्या होडीतली अनाथ पोर म्हटल्यावर कुणाला काही बोलायला जागा उरत नव्हती. गावात आणि करंज्याला भामाच्या माहेरी सांगितलं की आईपाठोपाठ पोरही गेली.

"आन ताईत?" दमयंतीनं विचारलं.

"तो भामानंच बांदलेला. तिचा पयला पोर गेलेला ना. आमी सगल्याच जायचो पिराला." गुणाबाई थांबली. "दादानं मना दर्याची शपत घातली व्हती. इतकी वर्सा पालली. पन तूच इचाराया आलीस, आता कुनापासून लपवू?"

नियाज उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. घाम पुसल्यासारखा रुमाल त्यानं तोंडावरून फिरवला आणि मग आत येऊन गुणाबाईच्या पायाशी बसला.

"तिचं नाव भामा," अमिरुन्निसा म्हणाली. तिनं ते दोनदा म्हटलं. मग विचारलं, "तिच्या माहेरचं कुणी आहे का आता?"

"तिचा धाकला भाऊ हाय. भगवान. करंज्याला. शिमग्याला जिता व्हता."

सगळे हसले. हसता हसता अमिरुन्निसानं नातीकडे बघितलं. "जास्मीन, मामाची थुंकी मिळाली तर कळेल का? भामाचीच मी, हे?"

"कळेल, दादी. तू भामाची मुलगी असलीस तर त्यांच्याशी पाव हिस्सा जुळेल. आणि दमयंतीआजीशी त्यांचं काहीच जुळणार नाही, कारण तिची आई वेगळी."

"अम्मी, आता कशाला?" नियाज म्हणाला. "आपल्याला पटलं. बास."

"मला पटलं. या आत्याचं बोलणं मी देवासारखं मानलं. पण उद्या ही नसेल, मी नसेन. मग कुणीतरी उठेल आणि अर्धंच सांगेल, काशीरामची पोर मुबीनाबीच्या घरात कशी. तेव्हा जास्मीनच्या हातात पक्कं काही हवं."

दमयंतीनं मध्येच तिचा हात धरला. "परेश दिवालीला येतोय. त्याला सांगते, दोन डब्या आन. मी पन देते माजी. आन करंज्याला मी येते तुमच्यासंगती. बाबांनी त्यांना खोटा सांगितला, तर जायला मनाच पायजे."

दिवाळीनंतर करंज्याला जाताना दमयंती सोबत होती हे बरंच झालं. भगवान म्हातारा जेट्टीजवळच्या घरासमोर बाजेवर बसला होता. बुटका, उघडा, कमरेला रुमाल. परेशनं आणलेली डबी जास्मीनच्या पर्समध्ये होती, पण ती काढायची वेळ लवकर आली नाही. दमयंतीनं सगळं सांगितलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा आनंदानं फुलायच्या ऐवजी कठीण झाला.

"पोर मेली म्हून सांगितला आमाला," तो म्हणाला. "माजी आय भामाला रडली नाय एवडी त्या पोरीला रडली. बोलायची, भामाचा एवडाच ऱ्हायला असता. मरेपरेंत बोलायची." त्यानं दमयंतीकडे बोट केलं. "तुज्या बापानं एकदा तरी येऊन सांगाया पायजे व्हता. आमी काय पोर हिसकून आनली असती? नुसती बगितली असती."

दमयंतीनं बापाची बाजू घेतली नाही. ती खाली जमिनीवर बसून राहिली. बोटीवरून बर्फाचे क्रेट उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता.

अमिरुन्निसानं बुरख्याचा नकाब मागे सारला आणि बाजेच्या कडेवर बसली. "मामा, मला तरी कुठे सांगितलं कुणी?"

तो तिच्याकडे बघू लागला. सत्तरी उलटलेली बाई, चष्मा, पांढरे केस. त्यालाही ब्याऐंशी पूर्ण झाली होती.

"मामा बोललीस," तो म्हणाला.

"मग काय म्हणू?"

त्याचा राग एकदम गेला असं नाही. पण त्यानं सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं आणि बाजेवर सरकून तिला नीट जागा करून दिली. नळी पुढे केली तेव्हा तो म्हणाला, "दात नाय ऱ्हायले. थुंकी हाय." त्याची नळी भरायला चिंच लागली नाही.

परेश परत जाताना दोन्ही नळ्या घेऊन गेला. निकाल यायला थंडी संपत आली. जास्मीननं तो उघडला तेव्हा अमिरुन्निसा, नियाज आणि दमयंती तिघंही तिच्या मागे उभी होती. दमयंती त्या दिवशी मुद्दाम पनवेलला आली होती. अमिरुन्निसाशी भगवानचा पाव हिस्सा जुळला होता. दमयंतीचाही तेवढाच. आणि भगवान आणि दमयंती यांचं एकमेकांशी काहीही जुळत नव्हतं. एक मामा, एक सावत्र बहीण. दुसरा अर्थ निघतच नव्हता.

नियाजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो त्याच्या नानीसाठी रडतोय हे सगळ्यांना कळलं, म्हणून कुणी त्याला थांबवलं नाही.

"बाय," दमयंती अमिरुन्निसाला म्हणाली. आजवर ती "तुमी" म्हणत होती, त्या दिवसापासून "तू" म्हणू लागली. "बाबांचा राग नको करूस."

"राग कसला? त्यानं होडी वळवली नसती तर मी रडून रडून तुझ्या घरी वाढले असते. वळवली म्हणून अम्मीकडे वाढले. मला दोन्हीकडे कुणी टाकलं नाही. हेच तर मला कळत नव्हतं इतकी वर्षं. मला वाटायचं, माझी माणसं बुडाली, नाहीतर कुणाला नको झाले."

गोष्ट मोहल्ल्यात फिरलीच. ती अमिरुन्निसानं स्वतःच फिरवली. पुढच्या लग्नघरात बायका कोण कुणाची ते उलगडत बसल्या तेव्हा तिनं मधूनच सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. एका बाईनं दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे आपा, तुम्ही मूळच्या..."

"मूळची भामाची. दूध मुबीनाबीचं, नाव तिचं, दीन-धर्म तिचा. दूध पाजलं ती आईच, हे तुला मी सांगायला हवं का? दोन आया आहेत मला."

काही घरांतून थोडे दिवस कुजबुज झाली. गव्हाणलाही दमयंतीच्या एका दिरानं, "हे आता कशाला उकरलं?" म्हणून तोंड वाकडं केलं. मग होळी आली, रमजान आला, जो तो आपापल्या कामाला लागला.

ईदनंतरच्या रविवारी भगवानमामा पनवेलला आला. नातवाच्या टेम्पोतून, इस्त्रीचा सदरा घालून. बरोबर एक हिरवी साडी आणि बर्फात घातलेला मोठा जिताडा. साडी अमिरुन्निसाला. ती साड्या नेसायची सोडून बरीच वर्षं झाली होती, पण तिनं ती उलगडून खांद्यावर घेतली आणि आरशासमोर उभी राहिली. दमयंती गव्हाणहून आधीच आली होती. स्वयंपाकघरात दोघी बहिणींचं जिताड्यावरून वाजलं. अमिरुन्निसाच्या हातचं कालवण दमयंतीला पटेना, नारळ फार घालतेस म्हणाली. अमिरुन्निसा म्हणाली, तुझ्या कालवणात मिरचीखेरीज आहे काय? शेवटी दोन टोपांत दोन कालवणं झाली आणि नियाजनं शहाणपणानं दोन्ही वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर अमिरुन्निसानं मामाला विचारलं, "ती कशी होती?"

भगवान आठवू लागला. बहीण गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि ती त्याआधी काही वर्षं सासरी गेलेली. "उंच व्हती," तो म्हणाला. "डावरी. मासली कापताना कोयता डाव्या हातात. आय वरडायची, डाव्या हातानं काय करू नको. ती आयकायची नाय. मना खांद्यावर बसवून चिखलात न्यायची, कालवं काडायला. एकदा मना पाडला नि आपनच हसत बसली. आजून काय... जास्त आठवत नाय गो."

"एवढं पुष्कळ आहे."

"जोरात हसायची," तो म्हणाला. "लय जोरात. लांबून कलायचा भामा हसली."

थोड्या वेळानं तो दिवाणावरच आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. दमयंती पान लावत होती. जास्मीन खालच्या आवाजात फोनवर ह्यूस्टनला परेशशी बोलत होती, त्याच्या कालवणाच्या वाट्याबद्दल. अमिरुन्निसानं पंख्याचं बटण एक घर कमी केलं, मामाच्या अंगावर चादर घातली आणि त्याच्या पायाशी खुर्ची ओढून बसली.